बालवाडी बंद पडली तर फी कुणाची? हुबळी-धारवाडच्या संदर्भात एक टिपण

शाळांचे इतिहास आपण बरेच वाचतो. सुवर्णमहोत्सवी स्मरणिका उघडली की संस्थापक कोण, पहिला वर्ग कुठल्या वाड्यात भरला, पहिल्या वर्षी मुलं किती, हे सगळं सापडतं. पण शाळा मध्येच बंद ठेवावी लागली तेव्हा पालकांनी आधी भरलेल्या पैशांचं काय झालं, याचं पान स्मरणिकेत सहसा नसतं. बालवाडी आणि पाळणाघर यांच्या वाट्याला तर स्मरणिकाही येत नाही. भाड्याच्या घरात ती सुरू होतात, एक दिवस दाराला कुलूप लागतं, आणि मागे राहतात त्या पालकांच्या कपाटातल्या पावत्या. त्याही घेतल्या असतील तर.

या टिपणात एवढाच प्रश्न घेतला आहे: लहान मुलांना सांभाळणारी जागा अचानक बंद झाली तर तोटा कुणी सोसायचा? आपल्या भागापुरतं पाहिलं तर असं दिसतं की याचं उत्तर फी किती होती यापेक्षा फी कधी घेतली जात होती यावर ठरत आलं आहे. शिकवून झाल्यावर फी मिळत होती तेव्हा तोटा गुरुजींचा होता. वर्षाची फी आधी घेण्याची रीत पडली आणि तोटा पालकांकडं सरकला.

पंतोजींचा शिधा आणि महिन्याची फी

पेशवाई संपल्यावर धारवाडचा मुलूख इंग्रजांकडं गेला आणि पुढं १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत तो मुंबईच्या कारभाराखाली राहिला. १८२० च्या दशकात, एल्फिन्स्टन गव्हर्नर असताना, सरकारने मुंबई इलाख्यातल्या गावठी शाळांची माहिती मागवली. रा. वि. परुळेकरांनी पुढं या कागदांवर काम केलं, म्हणून त्या शाळांचं चित्र आपल्यापुढं आहे. पंतोजींना महिन्याकाठी थोडे पैसे किंवा धान्य मिळे, सणावाराला शिधा मिळे, मुलाचा एखादा टप्पा पुरा झाला की वर काही भेट मिळे. मिळकत तुटपुंजी होती आणि ती शिकवण्याच्या मागोमाग येत होती. दुष्काळाने गाव उठलं की पंतोजींची कमाई बुडे. पालकाचा पैसा त्यांच्याकडं अडकलेला नसे, त्यामुळं परत मागण्याचा प्रश्नच नव्हता.

सरकारी आणि अनुदानित शाळा आल्यावर महिन्याची फी रूढ झाली. १८६० च्या दशकात मुंबई इलाख्यात खासगी शाळांना परीक्षेच्या निकालावर अनुदान देण्याची पद्धत सुरू झाली. म्हणजे मुलं आली, परीक्षेला बसली, पास झाली तर शाळेला पैसा. धोका अजूनही मुख्यतः शिकवणाऱ्याच्याच अंगावर होता.

हे चित्र नीट कळतं ते प्लेगच्या साथीत. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा झाला, आणि १८९८ मध्ये हुबळीला प्लेगने घेरलं. हाफकिनची लस इथं मोठ्या प्रमाणावर टोचली गेली. डॉ. ल्यूमन यांनी हुबळीत केलेल्या या कामाचा उल्लेख प्लेगच्या वैद्यकीय इतिहासात येतो. सदर्न मराठा रेल्वेचं वर्कशॉप असलेलं हे कामगारांचं गाव. १९०१ च्या खानेसुमारीत हुबळीची वस्ती ६०,२१४ आणि धारवाडची ३१,२७९ नोंदली आहे. साथीच्या दिवसांत लोक घरं सोडून माळावर झोपड्या घालून राहत. गाव ओस पडलं की शाळाही ओस. पण फी महिन्याची असल्यामुळं पालकाचा बुडालेला पैसा फार तर त्या एका महिन्याचा. पुढच्या महिन्याची फी त्याने द्यायचीच नाही, हा त्याचा आपसूक हिशेब होता.

कायद्यातली गायिका

याच काळात, प्लेगच्या पंचवीस वर्षं आधी, आपल्या प्रश्नाचं उत्तर कायद्यात येऊन बसलं होतं. भारतीय करार कायदा १ सप्टेंबर १८७२ पासून लागू झाला. त्याचं कलम ५६ सांगतं की ठरलेलं काम करणं पुढं अशक्य झालं तर करार निरर्थक होतो. आणि कलम ६५ सांगतं की असा करार निरर्थक झाल्यावर ज्याने त्यापोटी काही लाभ घेतला असेल त्याने तो परत करावा किंवा त्याची भरपाई द्यावी.

कलम ६५ खालची उदाहरणं आपल्या गावाने वाचावीत अशी आहेत. एका गायकाने जलशात गाण्यासाठी १,००० रुपये आगाऊ घेतले. तो आजारी पडला आणि गाऊ शकला नाही. जलसा ठरवणाऱ्याचा जो नफा बुडाला तो भरून द्यायला गायक बांधलेला नाही, पण आगाऊ घेतलेले हजार रुपये त्याने परत केले पाहिजेत. दुसऱ्या उदाहरणात एक गायिका थिएटरात ठरावीक रात्री गाणार असते, रात्रीला शंभर रुपये. सहाव्या रात्री ती मुद्दाम येत नाही आणि करार मोडतो. तरीही आधीच्या पाच रात्रींचे पैसे तिला द्यावेच लागतात. मन्सूर, हनगल आणि राजगुरूंच्या या गावात हे दाखले समजवून सांगायची गरज नाही. जेवढं गाणं झालं तेवढ्याची बिदागी, न झालेल्या गाण्याची परतफेड.

ही गोष्ट आज साधी वाटते, पण त्या वेळी खुद्द इंग्लंडातही ती मान्य नव्हती. १९०२ च्या जूनमध्ये सातव्या एडवर्डचा राज्यारोहण सोहळा त्याच्या आजारपणामुळं पुढं ढकलला गेला. मिरवणूक पाहायला लोकांनी रस्त्याकडेच्या खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. चँडलर विरुद्ध वेब्स्टर खटल्यात १०० पौंड आगाऊ दिलेले होते. मिरवणूक निघाली नाही, तरी ते परत मिळाले नाहीत. तोटा जिथं पडला तिथं राहू द्यावा, असा तिथल्या न्यायालयांचा कल होता. तो १९४२ च्या फायब्रोसा खटल्यात बदलला आणि १९४३ मध्ये त्यासाठी वेगळा कायदा झाला. आपल्याकडं हे तत्त्व सत्तर वर्षं आधी छापलेलं होतं. बालवाडीच्या फीसाठी ते कुणी उघडून पाहत नाही, कारण रक्कम कोर्टात जाण्याएवढी मोठी नसते आणि सोडून देण्याएवढी लहानही नसते.

बिनफीची बालवाडी आणि फीची बालवाडी

स्वातंत्र्याच्या आसपास लहान मुलांच्या सांभाळाचे दोन प्रवाह झाले. पहिला सार्वजनिक. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, पुढं ते काम कोसबाडला गेलं, आणि अनुताई वाघ यांनी ते वाढवलं. मुलं बालवाडीत येत नाहीत तर बालवाडी त्यांच्या अंगणात न्यावी, ही तिथली कल्पना. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने ५० पेक्षा जास्त स्त्री-कामगार असलेल्या कारखान्याला पाळणाघर सक्तीचं केलं, १९७६ मध्ये तो आकडा ३० वर आणला. १९५३ मध्ये केंद्रीय समाजकल्याण बोर्ड झालं, दुर्गाबाई देशमुख त्याच्या पहिल्या अध्यक्षा. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना देशात ३३ ठिकाणी सुरू झाली. त्यात कर्नाटकातलं टी. नरसीपूर होतं. या सगळ्यांत पालकाचा खर्च शून्य किंवा नाममात्र. राष्ट्रीय पाळणाघर योजनेत २०१७ नंतर शुल्क ठरलं तेही दारिद्र्यरेषेखालच्या घराला महिन्याला २० रुपये, बाकीच्यांना उत्पन्नाप्रमाणे १०० किंवा २००.

दुसरा प्रवाह खासगी. आपल्या जुळ्या गावांत नोकरी करणाऱ्या बायकांची संख्या संस्थांबरोबर वाढत गेली. कर्नाटक विद्यापीठ, वैद्यकीय कॉलेज आणि त्याचं हॉस्पिटल, कृषी विद्यापीठ, बँका, वीज कंपनी, २००३ पासून नैऋत्य रेल्वेचं मुख्यालय. सासू-सासरे गावाकडं, नवरा-बायको दोघं कामावर, अशा घरांना पाळणाघर लागतंच. गल्लीतल्या काकू किंवा अक्का चार मुलं सांभाळायच्या तेव्हा पैसे महिना संपल्यावर दिले जात. एलकेजी-यूकेजीच्या शाळा आणि प्ले-स्कूल वाढल्या तशी पद्धत बदलली: ॲडमिशन फी, डिपॉझिट, टर्म फी, पुस्तकं-युनिफॉर्मचा किट, आणि बऱ्याच ठिकाणी पूर्ण वर्षाची फी एप्रिल-मेमध्येच.

चालकांची बाजूही समजून घ्यायला हवी. जागेचं डिपॉझिट आणि भाडं जूनच्या आधीच द्यावं लागतं. खेळणी, लहान बाकं, रंगकाम यांचा खर्चही आधीच. साखळीतलं प्ले-स्कूल असेल तर नाव वापरण्याचे पैसे वरती भरायचे. बँक अशा धंद्याला सहज कर्ज देत नाही. म्हणून पालकांची आगाऊ फी हेच भांडवल होतं. पालकाला वाटतं आपण फी भरली, पण व्यवहारात त्याने बिनव्याजी, बिनतारण कर्ज दिलेलं असतं. दार बंद झाल्यावर हे उघड होतं, तोवर पैसे भाड्यात आणि रंगात गेलेले असतात.

मार्च २०२० ते नोव्हेंबर २०२१

करोनाने हा प्रश्न एकाच वेळी राज्यातल्या सगळ्या बालवाड्यांपुढं आणला. मार्च २०२० मध्ये कलबुर्गीत देशातला पहिला करोना मृत्यू नोंदला गेला. त्याच आठवड्यात बेंगळुरूच्या भागात एलकेजी-यूकेजीचे वर्ग बंद झाले, आणि महिन्याच्या मध्यापर्यंत राज्यभर बंदी आली. राज्याने काढलेले नियम १८९७ च्या त्याच साथरोग कायद्याखालचे होते, जो प्लेगमध्ये हुबळीला लागू होता. कर्नाटकात एलकेजी, यूकेजी आणि अंगणवाड्या पुन्हा उघडायला ८ नोव्हेंबर २०२१ उजाडलं. साधारण वीस महिने. मार्च २०२० मध्ये तीन वर्षांचं असलेलं मूल दार उघडलं तेव्हा पहिलीच्या उंबरठ्यावर आलं होतं.

जून २०२० मध्ये सरकारने एलकेजीपासून पाचवीपर्यंतच्या ऑनलाइन वर्गांवर बंदी घातली. पालक न्यायालयात गेले. ८ जुलैला मुख्य न्यायमूर्ती अभय ओक आणि न्या. नटराज रंगस्वामी यांच्या खंडपीठाने त्या आदेशांना स्थगिती दिली, मात्र याचा अर्थ शाळांनी ऑनलाइन सक्ती करावी किंवा त्यासाठी जादा फी घ्यावी असा नाही, हेही स्पष्ट केलं. २९ जानेवारी २०२१ ला सरकारने आदेश काढला की २०२०-२१ साठी शाळांनी आधीच्या वर्षाच्या शिकवणी फीच्या ७० टक्केच घ्यावेत. खासगी शाळा संतापल्या, फेब्रुवारीत बेंगळुरूला मोर्चा निघाला. ३ मे २०२१ ला राजस्थानच्या शाळांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयात न्या. खानविलकर आणि न्या. माहेश्वरी यांनी निकाल दिला: वर्षाच्या फीत १५ टक्के कपात, बाकी हप्त्यांनी. सप्टेंबर २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानेही राज्याच्या ३० टक्क्यांऐवजी हेच १५ टक्क्यांचं सूत्र धरलं.

हे १५ टक्के कुठून आले? न्यायालयाचा तर्क असा की शाळा बंद असल्याने वीज, पाणी, इंधन, देखभाल यांवरचा खर्च वाचला. जी सोय दिलीच नाही तिचे पैसे ठेवणं म्हणजे नफेखोरी. उरलेले ८५ टक्के शाळेकडं राहतात, कारण शिक्षकांचे पगार चालू होते आणि शिकवणं ऑनलाइन चालू होतं.

आठवी-नववीच्या वर्गाला हा हिशेब लागू पडतो. पाळणाघराला तो लागू पडत नाही. दोन वर्षांच्या मुलाला दूध पाजणं, झोपवणं, त्याची चड्डी बदलणं हे फोनच्या पडद्यावरून होत नाही. तिथं सेवेचा काही भाग कमी झाला असं म्हणता येत नाही, सेवा पूर्णच थांबली. खुद्द सरकारनेच जूनमध्ये एवढ्या लहान मुलांचे ऑनलाइन वर्ग नकोत असं म्हटलं होतं. मग १५ टक्क्यांवर थांबायचं कारण काय? कलम ६५ च्या गायकाचा न्याय लावला तर न सांभाळलेल्या महिन्यांची फी परत जायला हवी. मोठ्यांच्या शाळेसाठी काढलेलं सूत्र मात्र शिशुवर्गांनाही सरसकट लावलं गेलं, आणि गल्लीतल्या पाळणाघरांपर्यंत तर तेही पोचलं नाही.

याच काळात सार्वजनिक प्रवाहात वेगळं घडलं. १८ मार्च २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन विचारलं की शाळा-अंगणवाड्या बंद तर मुलांच्या आहाराचं काय. आपल्याकडं अंगणवाडीच्या ताईंनी शिधा घरोघर पोचवला. म्हणजे जिथं पालकाने काही भरलंच नव्हतं तिथं मुलाचा वाटा घरी आला, आणि जिथं वर्षाची फी भरली होती तिथं फोन लागेना.

हिशेब कसा मांडावा

साथ संपली, पण बालवाड्या आजही मध्येच बंद होतात. घरमालक जागा मागतो, चालकबाईंच्या नवऱ्याची बदली होते, मुलं कमी पडतात. इथं एक फरक ध्यानात ठेवावा. सरकारने किंवा साथीने बंद केलं तर कलम ५६ आणि ६५. चालकाने आपल्या सोयीने बंद केलं तर तो करारभंग, आणि तिथं उरलेली फी तर परत मागता येतेच, शिवाय कलम ७३ खाली त्यामुळं सरळ झालेल्या नुकसानीची भरपाईही मागता येते.

समजा वर्षाची फी २४,००० रुपये, जून ते मार्च दहा महिने. सप्टेंबरअखेर दार बंद झालं. चार महिन्यांचे ९,६०० चालकाचे, सहा महिन्यांचे १४,४०० पालकाचे. डिपॉझिट असेल तर ते पूर्ण परत, कारण ते फीत मोडतच नाही. किट मिळाला असेल तर त्याचे पैसे गेले, मिळाला नसेल तर परत. वाद होतो तो ॲडमिशन फीवर. चालक म्हणतात ती प्रवेशाची, प्रवेश झाला. पण वर्ष पुरं होईल या भरवशावर दिलेली ती रक्कम आहे, हेही तितकंच खरं.

दाद कुठं मागायची यातही गुंता आहे. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने जानेवारी २०२० मध्ये मनू सोलंकी प्रकरणात म्हटलं की कोचिंग क्लास सोडून शिक्षणसंस्था ग्राहक कायद्यात येत नाहीत. पाळणाघर मात्र शिकवण्यापेक्षा सांभाळण्याचे पैसे घेतं, म्हणून ग्राहक म्हणून तक्रारीची वाट तिथं जास्त मोकळी दिसते. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रार शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. दिवाणी दाव्याला तीन वर्षं. गंमत अशी की पाळणाघराने ‘आम्ही शिक्षणसंस्था’ म्हटलं की ग्राहक आयोग लांब जातो, आणि ‘आम्ही फक्त सांभाळतो’ म्हटलं की शिक्षण खातं लांब जातं. २००९ चा शिक्षणहक्क कायदा सहा वर्षांपासून पुढं. त्याखालचं मूल दोन्ही खात्यांच्या मधल्या बोळात.

परतफेडीची दुसरी बाजू

एक गोष्ट सांगितल्याशिवाय हे टिपण पुरं होणार नाही. फी परत मागणारी आई नोकरदार, आणि ती फी ज्या पगारात गेली तो पगार घेणारी आया किंवा टीचरही नोकरदारच. महिन्याला काही हजारांवर काम करणाऱ्या या बायकांना ना नेमणूकपत्र, ना प्रॉव्हिडंट फंड. दार बंद झालं की त्यांचा पगार त्याच दिवशी थांबतो, आणि कर्नाटकातल्या त्या वीस महिन्यांत तो अनेकींचा थांबला. परतफेडीचा वाद पालक आणि चालक यांच्यात रंगतो, तेव्हा तिसरी बाजू कुणी मांडत नाही. रक्कम परत करताना पहिला हक्क केलेल्या कामाच्या पगाराचा, हे त्या कायद्यातल्या गायिकेच्या पाच रात्रींनीच सांगून ठेवलं आहे.

यावर उपाय नवा शोधायला नको, तो आपल्या गावाचा जुनाच आहे. फी महिन्याची, फार तर तिमाहीची असावी. बंद करायचं तर किती दिवस आधी सांगायचं आणि काय परत द्यायचं, हे ॲडमिशनच्या कागदावर दोन ओळींत लिहावं, कन्नड, मराठी, इंग्रजी ज्या भाषेत पालक वाचतो त्या भाषेत. म्हणजे दार बंद झालं तरी एकाच बाजूचं घर बुडत नाही. प्लेगच्या दिवसांतल्या महिन्याच्या फीत हे शहाणपण न ठरवता आलेलं होतं. आपण ते ठरवून आणू शकतो.

वाचकांना एक विनंती. आपल्याकडं बंद झालेल्या बालवाडीची पावती, माहितीपत्रक, फीचं कार्ड, चालकांची बंद करत असल्याची चिठ्ठी असं काही असेल तर ते टाकू नये. त्यावरची नावं झाकून एक प्रत मंडळाकडं द्यावी. कुठल्या साली आपल्या गल्लीत वर्षाची फी आधी घ्यायला लागले, हे त्या कागदांवरूनच ठरेल. आणि फी भरायला जाताना पावती मागून घ्यावी. उद्या कुणी हिशेब मांडायला बसलं, मग तो पालक असो की इतिहास लिहिणारा, दोघांनाही तीच लागणार आहे.